महिन्याला चार जुने कपडे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लोखंडी कपाटाचं दार बिजागरीसकट निखळलं आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. दारामागून कपडे आले. साड्या, कुर्ते, एकदाही न घातलेले दोन पंजाबी ड्रेस, लग्नकार्यात मिळालेले ब्लाउजपीस, आणि ज्यात आता माझा फक्त एक हात मावतो असा एक टॉप. नवरा धावत आला. त्याने आधी दार उचललं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या पसाऱ्यात बसून अंगठा चोळताना मला पर्यावरणाची काळजी वाटू लागली.

तशी ती थोडी आधीपासूनच होती. मी वाशीमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. पर्यावरण हा विषय आमच्याकडे ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात मारतात. इतिहासाला मुलं कमी, म्हणून चार वर्षांपासून तो माझ्या गळ्यात आहे. पहिली दोन वर्षं मी नुसतं पुस्तक वाचून दाखवलं. तिसऱ्या वर्षी त्यात लिहिलेलं मला पटायला लागलं. चौथ्या वर्षी मी लोकांना ते पटवायला लागले, आणि तिथून घरच्यांचे हाल सुरू झाले.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीला मी फोनवर कपाटाची हकीकत सांगितली. तिने वर्षभरात एकही नवा कपडा घेतला नव्हता. एक कंपनी दर महिन्याला खोक्यातून चार कपडे पाठवते म्हणाली. वापरलेले, पण चांगले. घालायचे, आवडले तर ठेवायचे, नाहीतर पुढच्या महिन्यात परत करून दुसरे घ्यायचे. मी म्हटलं, म्हणजे जुने कपडे. तर म्हणाली, जुने नाही म्हणायचं, 'प्री-लव्ड' म्हणायचं. आधी कुणीतरी ज्यांच्यावर प्रेम केलंय असे. वर्गणी किती ते मी इथे लिहीत नाही. नवऱ्याला मी निम्मीच सांगितली आहे आणि तो माझं लिहिलेलं वाचतो.

नाव नोंदवताना त्यांनी माझी परीक्षा घेतली. तुमची रविवारची सकाळ कशी असते, असा पहिला प्रश्न. कॉफी आणि पुस्तक, चित्रांचं प्रदर्शन, मैत्रिणींबरोबर बाहेर न्याहारी, की डोंगरात भटकंती. माझी रविवारची सकाळ दळण आणि आठवड्याचा बाथरूम घासणं अशी असते. तो पर्याय नव्हता. मी कॉफी आणि पुस्तकावर बोट ठेवलं. अशी वीस उत्तरं देऊन झाल्यावर पडद्यावर आलं की मी 'शांत बोहेमियन', म्हणजे कलंदर वृत्तीची, आहे. मी ते जरा अभिमानानेच मोठ्याने वाचलं. नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "बोहारीण म्हणत असतील. नीट वाच."

ऑगस्टमध्ये पहिलं खोकं आलं. कुरिअरवाल्याने ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फोन करून जाहीर केलं, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत 'वापरलेले कपडे' असा मजकूर होता आणि तो त्याने मोठ्याने वाचला. त्या संध्याकाळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि जाताना हळूच विचारून गेल्या, की साहेबांचा पगार वेळेवर होतो ना.

खोक्यात वाळलेल्या लव्हेंडरची पुरचुंडी होती आणि चार कपडे. एक मखमली जॅकेट, जे वाशीमला घालायचं तर आधी हिमालय इकडे आणावा लागेल. एक जंपसूट, म्हणजे सदरा आणि विजार एकात शिवलेलं प्रकरण. तो अंगात चढवल्यावर माझ्या लक्षात आलं, की कॉलेजच्या बाथरूममध्ये तो पूर्ण उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही आणि तिथे खुंटी नाही. एक रेशमी रुमाल. आणि एक राखाडी निळा लिननचा शर्ट, ढगळ, पुरुषाचा की बाईचा ते कळू न देणारा. बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे गेल्या.

प्रत्येक कपड्याला एक चिठ्ठी दोऱ्याने बांधली होती. तीत त्या कपड्याने स्वतःची गोष्ट सांगितली होती. शर्टाने लिहिलं होतं, की त्याने दोन उन्हाळे समुद्रकिनाऱ्यावर काढले, बरेच सूर्यास्त पाहिले आणि आता तो माझ्यासोबत नव्या प्रवासाला निघाला आहे. इंग्रजीतली ती चिठ्ठी मी सासूबाईंना मराठी करून सांगितली. सासूबाई इंझोरीच्या. सहा भावंडांत सगळ्यात धाकट्या. लग्न होईपर्यंत त्यांच्या अंगावर नवं असं फक्त दिवाळीला पडलं, हे त्याच सांगतात. मला वाटलं होतं की त्यांना तरी हे कळेल. त्यांनी शर्ट दोन बोटांत धरून उलटा केला आणि विचारलं, "समुद्रावर गेला तो मानूस वापस आला का?"

मी म्हटलं, आला असेलच, म्हणून तर शर्ट आला. त्यांना ते पटलं नाही. बहिणीचा कपडा घातला तर बहीण माहीत असते, म्हणाल्या. ती कशी मेली, कशाने आजारी होती, कुठे नांदली, सगळं माहीत असतं. याचं कोणालाच काही माहीत नाही. मग त्यांनी चारही कपडे कडुलिंबाच्या पाण्यात बुडवले आणि अंगणातल्या बाहेरच्या दोरीवर दोन दिवस उन्हात ठेवले. मखमल आक्रसली. लव्हेंडरचा वास गेला आणि शर्टाला गोठ्यात मारतात त्या औषधाचा वास लागला.

तरी सोमवारी मी तो शर्ट कुर्त्यावर घालून, बाह्या दुमडून कॉलेजात गेले. फाटकापाशीच शिपायाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "मॅडम, आज सोंगणीले चालल्या का?" आमच्याकडे सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जाणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, शेंगांची टोकं हाताला ओरबाडू नयेत म्हणून. मी आरशात तीन वेळा पाहिलं होतं तेव्हा हे मला दिसलं नव्हतं. शिपायाने सांगितल्यावर दिवसभर दुसरं काही दिसेना.

स्टाफरूममध्ये मात्र इंग्रजीच्या बाईंनी शर्टाचं कौतुक केलं. या बाई माझ्याहून चार वर्षांनी लहान, नवरा कोर्टात वकील, आणि कपड्याच्या बाबतीत अख्खं कॉलेज त्यांच्याकडे पाहतं. पुण्याचा का, त्यांनी विचारलं. मग मी सुरू झाले. एक शर्ट तयार करायला किती पाणी लागतं याचा आकडा मी ठोकून दिला. तो मला नीट आठवत नव्हता, म्हणून जरा वाढवूनच सांगितला. चिठ्ठीही दाखवली. सगळ्यांनी ती हातोहात पाहिली. बाई म्हणाल्या की वाशीमात असा विचार करणारं कोणी आहे हेच विशेष. तो दिवस मी पुरवून पुरवून वापरला.

आमच्याकडे धुणंभांडी करायला बारा वर्षांपासून एक मावशी येतात. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. सकाळी चार घरची कामं आणि हंगामात शेताची मजुरी. दिवाळीच्या आधी मी त्यांना दरवर्षी माझे जुने कपडे देते. धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून देते, आणि देताना मला बरं वाटतं. त्यातला एकही कपडा मी कधी त्यांच्या अंगावर पाहिलेला नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण विचारलं नाही.

आक्रसलेलं मखमली जॅकेट कंपनी परत घेईना. मी ते मावशींपुढे धरलं. त्यांनी हात पुसले, जॅकेट घेतलं, आणि विचारलं की कोणाचं आहे. मी म्हटलं, माझंच. त्यांनी ते नाकाजवळ नेलं.

"तुमचा वास नाई याले," म्हणाल्या, आणि घडी घालून ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवून गेल्या. ते तिथे आठ दिवस होतं. मग सासूबाईंनी त्याने सायकल पुसली.

सप्टेंबरात शर्टाच्या बाह्या कमी करायला मी बाजारातल्या मास्टरांकडे गेले. त्यांचे वडील आमच्या सासऱ्यांचे सदरे शिवायचे. मास्टर बोलतात कमी आणि कापडाला आधी हात लावतात, मग गिऱ्हाइकाकडे पाहतात. त्यांनी शर्ट उलटा केला, कॉलरखालची पट्टी वर करून मला दाखवली. तिथे निळ्या शाईने एक आकडा लिहिलेला होता. कडुलिंबानेही न गेलेला.

"ये गठ्ठे का माल है मॅडम," ते म्हणाले. "जुन्या कपड्यांचा गठ्ठा फोडते वक्त नंबर टाकते. आपल्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर बसते ना, तिथं बी हाच नंबर राह्यते."

मी त्यांना समुद्राबद्दल सांगितलं नाही. त्यांनी बाह्या किती ठेवायच्या ते विचारलं. पण घरी येताना मला राग आला होता, आणि तो नेमका कोणावर हे ठरत नव्हतं. बाजारातला तो ढीग मला माहीत होता. भाजीच्या ओळीच्या शेवटी, चपलांच्या पुढे. बाया आणि पोरं त्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली असतात. बारा-पंधरा वर्षं मी त्याला वळसा घालून गेले होते.

त्या आठवड्यात मी वळसा घातला नाही. स्वतःला सांगितलं की हा अभ्यासाचा भाग आहे. अभ्यासाला जाताना मी स्कूटीवर बांधतात तसा दुपट्टा डोक्याभोवती आणि तोंडावर घट्ट बांधला, वर गॉगल लावला. आमच्याकडे अर्ध्या बाया अशाच फिरतात, त्यामुळे कोणी ओळखण्याचा प्रश्न नव्हता. ढिगाशी वाकले आणि समोरून आवाज आला, "म्याडम, तुमी?"

मावशी ढिगाच्या पलीकडे उकिडव्या बसल्या होत्या. मांडीवर दोन शर्ट निवडून ठेवलेले. मी विचारलं की ओळखलं कसं. माझ्या चपला त्या रोज दारातून उचलून बाजूला ठेवतात, असं म्हणाल्या. मला वाटलं त्या चकित होतील. उलट त्यांनी सरकून जागा केली आणि मला काय पाहिजे ते विचारलं. मी म्हटलं, असंच, एखादा शर्ट.

पुढचा अर्धा तास मी शिकत होते. आधी काख पाहायची, तिथला रंग उडाला असेल तर कापड लवकर विरतं. मग कॉलरची घडी. मग शिलाई दोन अंगठ्यांनी ताणायची. मग उन्हासमोर धरायचं आणि डोळा बारीक करून पाहायचं. त्यांचा हात ढिगात असा चालत होता की जणू तळाशी काय आहे ते वरून दिसतंय. एक निळा सुती शर्ट त्यांनी ओढून काढला. जाड, पण हाताला लोण्यासारखा मऊ, बटणं सगळी शाबूत. इतकं चांगलं कापड ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या माझ्या दोन्ही खोक्यांत मिळून नव्हतं. "हे घ्या," म्हणाल्या. "दुसरं कोनी पायलं तर जाईन." मी तो घेतला. पैसे दिले. मला घाम आला होता म्हणून मी गॉगल काढला, दुपट्टा गळ्यात ओढला, आणि मावशींबरोबर दुसरा शर्ट शोधायला पुन्हा ढिगात हात घातला. मला मजा येत होती हे कबूल करायला हवं.

तेव्हा मागून माझं नाव ऐकू आलं. इंग्रजीच्या बाई. हातात मेथीची जुडी, मागे वकीलसाहेब. त्या ढिगाकडे, माझ्या कोपराकडे आणि निळ्या शर्टाकडे पाहत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी स्टाफरूममध्ये दहादा बोलले होते. जुने कपडे वापरा.

"मावशींसाठी घेत होते," मी म्हणाले. "सोंगणी आली ना. यांना शर्ट लागतात."

बाईंचा चेहरा लगेच सैल झाला. किती करता हो तुम्ही, म्हणाल्या. स्वतः येऊन निवडून देता. वकीलसाहेबांनीही मान हलवली. मी मावशींकडे पाहिलं नाही, पण त्यांचा आवाज आला. तो अगदी नेहमीसारखा होता.

"हो जी. दरसाल म्याडमच घेऊन देतात."

बाई गेल्या. मावशींनी आपले दोन शर्ट पिशवीत टाकले, पदर झटकला, उद्या पाणी लवकर येणार आहे तेव्हा मोटर लावून ठेवा असं सांगितलं आणि निघाल्या. मी निळा शर्ट पर्समध्ये कोंबून घरी आणला. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं की बाजारातून भाजी का नाही आणली.

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर आल्या. भांडी घासली, धुणं वाळत घातलं, ओटा पुसला. मी उगाच स्वयंपाकघरात घुटमळत होते, काय बोलावं याची जुळवाजुळव करत. जाताना त्या दाराशी थांबल्या.

"तो शर्ट द्या."

मी विचारलं, कोणता.

"निळा. माह्यासाठी घेतला ना काल? चार मानसांत सांगितलं तुमी. मंग द्या."

त्या हसत नव्हत्या आणि रागावल्याही नव्हत्या. माझ्याकडे भाजीवाल्याकडे पाहावं तसं पाहत होत्या. मी आत गेले. मला तो शर्ट द्यायचा नव्हता, इतका तो चांगला होता. म्हणून मी कपाटातून लिननचा शर्ट काढला, मास्टरांनी बाह्या कमी केलेला, आणि तो घेऊन आले. हा घ्या मावशी, म्हटलं, हा त्याहून भारी आहे, पुण्याहून आलाय. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याने शिलाई ताणली, दारात जाऊन उन्हासमोर धरला.

"झिरझिरीत हाय," म्हणाल्या. "शेंगा टोचतीन. आन् बाह्या कायले कापल्या?"

मी निळा आणून दिला. त्यांनी त्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि आठ दिवस येणार नाही म्हणून सांगितलं. किन्हीराजाला बहिणीच्या गावाकडे सोंगणीची टोळी ठरली होती. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. मावशी गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की बाई हिशेबाची पक्की आहे.

ते आठ दिवस भांडी मी घासली. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. इंग्रजीच्या बाईंनी बाजारातली गोष्ट स्टाफरूममध्ये सांगितली होती, आणि ती सांगता सांगता बरीच वाढली होती. आता मी गरजू महिलांसाठी दर आठवड्याला कपडे निवडते असं झालं होतं. कॉलेजात पर्यावरणाचा कार्यक्रम होता, त्यात मी 'वस्त्रांचा पुनर्वापर आणि सामाजिक बांधिलकी' यावर बोलावं अशी त्यांची इच्छा. नाही म्हणायची संधी होती. मी हो म्हटलं. वीस मिनिटं बोलले. काख, कॉलर, शिलाई, ऊन, सगळं क्रमाने सांगितलं, जणू मीच शोधून काढलं होतं. मुलींनी वहीत लिहून घेतलं. टाळ्या पडल्या आणि मला एक तुळशीचं रोप मिळालं.

खोक्याची वर्गणी मी त्या रात्रीच बंद केली. कंपनीने कारण विचारलं. माप बसत नाही, आवड जुळत नाही, बाहेरगावी जात आहे, असे पर्याय होते. मी बाहेरगावी जात आहे यावर बोट ठेवलं. त्यांनी मला शुभ प्रवास चिंतला.

मावशी नवव्या दिवशी आल्या. बोटांना चिरा पडल्या होत्या, मनगटापासून वर मात्र एक ओरखडा नव्हता. मी न विचारताच त्यांनी सांगितलं की शर्टाने काम केलं, घाम पितो, उन्हात तापत नाही. बहिणीनेही तसाच मागितला आहे. मग नळाखाली हात धरून म्हणाल्या की पुढच्या बाजाराला यायचं असेल तर नऊच्या आत यावं, त्यानंतर ढिगात फक्त पोरांच्या पँटी उरतात. आणि तोंड बांधायची गरज नाही, त्याने कापड नीट दिसत नाही.

मी येते म्हटलं. त्यानंतर तीन बाजार झाले. एकदा पाहुणे होते, एकदा माझं डोकं दुखत होतं, आणि तिसऱ्यांदा मी निघाले होते खरी, पण भाजीच्या ओळीत इंग्रजीच्या बाई दिसल्या, म्हणून मेथी घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी मावशींनी मेथी निवडून दिली. बाजाराबद्दल काही विचारलं नाही.